धाकटीला कोण बघणार

पालकसभा अकरा वाजता होती. साडेबारापर्यंत तीन माणसं आली. एक आजोबा शाळेच्या नळावर पाणी प्यायला आले होते, ते सावली बघून बसले. दोन बायकांना वाटलं होतं की आज रेशन कार्डाचं काहीतरी काम आहे. मी सकाळी लवकर येऊन फळ्यावर रंगीत खडूनं 'समाज घडवण्यात पालकांची भूमिका' असं लिहिलं होतं, भोवती वेलबुट्टीही काढली होती. त्या दोघींपैकी एकीनं विचारलं, "मग कार्डाचं कधी?" मी म्हटलं, आज कार्डाचं नाही, आज मुलांचं आहे. ती म्हणाली, "मुलं तर शाळेत आहेत," आणि दोघी उठून गेल्या.

मुख्याध्यापक मात्र शांत. ते म्हणाले, "मॅडम, सहावी-सातवीच्या पोरांना मागं बसवा, आजोबांना पुढं घ्या आणि फोटो काढा. ग्रुपवर टाकायचाय, साहेब वाट बघतायत."

मी फोटो काढला. फोटोत आजोबा जांभई देतायत. तो ग्रुपवर गेला, त्यावर चार अंगठे आले आणि आमची पालकसभा यशस्वी झाली.

तलासरीच्या पूर्वेला डोंगरांमध्ये आमची शाळा आहे. तीन खोल्या, आठवीपर्यंतचे वर्ग, समोर भाताची खाचरं आणि चढावर नाचणी. मी राहते डहाणू रोडला. रोज स्कूटरवरून येते, रोज जाते. नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर. घरी एकच मुलगी, त्या वर्षी सातवीत. शाळेत सातवीचा वर्ग माझ्याकडेच होता, म्हणजे दिवसभर मी दुसऱ्यांच्या सातवीतल्या मुलांना सांभाळायची आणि संध्याकाळी दमून भागून स्वतःच्या सातवीतल्या मुलीवर ओरडायची.

त्या फोटोसाठी मुलं मागं बसवताना माझ्या लक्षात आलं की थोरली नाही. थोरली हे तिचं शाळेतलं नाव नाही, पण तिच्यामागे तीन भावंडं, म्हणून सगळा पाडा तिला थोरली म्हणायचा, आणि हळूहळू मीही म्हणायला लागले. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती असं मी म्हणणार नाही. गणितात तिची गाडी अपूर्णांकांपाशी अडलेली होती. पण तिला वाचायचं वेड होतं. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची. ती दहा दिवस आली नव्हती.

शाळा सुटल्यावर मी पाड्यावर गेले. थोरली अंगणात होती. कडेवर सव्वा वर्षाची धाकटी बहीण, चुलीवर भात.

"शाळेत का येत नाहीस?"

"आय जाते ना कामाला." तिनं धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "धाकटीला कोण बघणार?"

मधली दोन भावंडं शाळेत येत होती. थोरलीला मात्र घरी ठेवलं होतं. सकाळी सहाला मुकादमाचा टेम्पो रस्त्यावर यायचा, पाड्यातले बायाबाप्ये त्यात बसून घोलवडच्या चिकूच्या वाड्यांवर जायचे, आणि दिवस मावळता परत यायचे. म्हणजे पालकांना भेटायचं तर दिवस मावळेपर्यंत थांबायला हवं. मी अकरा वाजताची सभा ठेवत होते! इतकी वर्षं या शाळेत काढून हे मला त्या दिवशी, त्या अंगणात उभं राहून कळलं. मला माझाच राग आला, आणि राग आला की मी जास्त बोलते.

मी थांबले. टेम्पो आला. थोरलीची आई उतरली ती थेट मोरीकडे गेली आणि हात घासायला लागली. चिकूचा चीक हाताला बसला की काळा होतो, सहजासहजी निघत नाही. ती राखेनं घासत होती आणि मी तिच्या पाठीशी उभी राहून शिक्षणाचं महत्त्व सांगत होते. मुलगी शिकली नाही तर काय होतं, लवकर लग्न कसं होतं, मग लवकर बाळंतपण, अशक्त पोरं, पुन्हा तेच. पंधरा मिनिटं बोलले असेन. ती मध्ये मध्ये "होय बाई, होय बाई" करत होती. हात काही स्वच्छ होत नव्हते.

थोरलीचा बाप ओट्यावर बसला होता. बोलणं संपल्यावर त्यानं विचारलं, "बाई, तुम्हाला पोर आहे ना?"

"आहे. एक मुलगी आहे."

"तुम्ही इकडं असता दिवसभर. मग तिला कोण बघतं?"

"ती मोठी आहे, तिची ती राहते," मी म्हणाले.

"आमचीपण मोठी आहे," तो म्हणाला. "ती दुसऱ्यांना बघते."

मी स्कूटर काढली आणि निघाले. घाटातल्या वळणांवर मनात त्याला दहा उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला निरोप पाठवला की धाकटीला घेऊन शाळेत ये. ती आली. आठ दिवस धाकटी आमच्या सातवीत होती. तिनं दोन खडू खाल्ले. हजेरीपटावर शू केली. इतिहासाच्या तासाला भोकाड पसरलं की शेजारच्या खोलीतली चौथीची मुलं दारात येऊन उभी राहायची. एकदा सगळा वर्ग अपूर्णांक सोडून तिला उभं राहायला शिकवत होता, आणि खरं सांगायचं तर तो त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला तास होता, पण अपूर्णांक तिथंच राहिले.

नवव्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे चालायचं नाही. उद्या कुणी साहेब आले आणि पोराला काही झालं, तर उत्तर कोण देणार?"

"मग थोरली घरी बसेल."

"तिला शाळाबाह्य दाखवा. त्याचा वेगळा फॉर्म आहे."

मी अंगणवाडीत गेले. अंगणवाडीच्या ताई चांगल्या आहेत, पण त्याही थकलेल्या. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांखालच्यांना मी ठेवू शकत नाही हो. त्यांना फक्त घरी आहार द्यायचा. आणि माझी अंगणवाडी दुपारी बंद होते. टेम्पो येतो संध्याकाळी. मधे काय करू?" त्यांचंही बरोबर होतं. तालुक्याच्या बैठकीत मी हात वर करून हेच विचारलं, की लहान भावंडांसाठी मुली घरी बसतात, त्यावर काय करायचं? तिथं एक तरुण साहेब होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, "पालकांचं समुपदेशन करा." मी विचारलं, समुपदेशन झाल्यावर बाळाला कुणाकडे द्यायचं? हॉलमधल्या बाया हसल्या. साहेब पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्याच आठवड्यात आमच्या घरी जे झालं ते मी शाळेत कुणाला सांगितलं नाही.

माझ्या मुलीच्या क्लासमधून फोन आला. ती महिनाभर क्लासला गेलीच नव्हती. रोज वेळेवर दप्तर घेऊन निघत होती, वेळेवर परत येत होती. मधला दीड तास कुठं? तर स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानामागे दोन मैत्रिणींबरोबर मोबाईल बघत. त्या मैत्रिणींपैकी एकीच्या मोठ्या बहिणीचा मोबाईल. त्यावर कोणीतरी अनोळखी माणूस या तिघींशी गप्पा मारत होता, स्वतःला सुरतचा कॉलेजचा मुलगा म्हणवत होता आणि फोटो मागत होता. एवढं कळलं तेव्हा मी तिला समोर बसवून विचारलं. फोटो दिले होते का? माझी मुलगी रडत म्हणाली, "फक्त एक. तिघींचा. युनिफॉर्ममधला."

नवऱ्यानं त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन ते सगळं बंद करवलं, तक्रारही दिली. पुढं काही वाईट झालं नाही. हे आमचं नशीब, आमची हुशारी नव्हे.

पण माझ्या डोक्यात गेलं ते वेगळंच. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकू, गुजराती, डहाणूत त्यांची तिसरी पिढी, माझ्याशी मराठीत आणि नवऱ्याशी गुजरातीत भांडतात. त्यांच्याशी बोलताना कळलं की त्यांनी माझ्या मुलीला झेरॉक्सच्या दुकानामागे दोनतीनदा पाहिलं होतं.

"मग सांगायचं ना मला!" माझा आवाज चढला.

काकूंनी दार पूर्ण उघडलं. "बेन, मागच्या वर्षी तिला मी गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरवलं, दोन शब्द बोलले. तर तुम्ही येऊन मला काय सांगितलं? 'माझ्या मुलीला मी बघेन, तुम्ही नका बोलू.' आठवतं?"

आठवत होतं. मी तेव्हा शाळेतून दमून आले होते, मुलगी रडत होती, आणि मला वाटलं होतं की ही बाई माझ्या घरात नाक खुपसतेय. मी दारात उभी राहून, बोट दाखवून बोलले होते.

"मग मी बघायचं सोडलं," काकू म्हणाल्या. "पाहिलं तरी बघायचं सोडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराची जादा किल्ली घेऊन काकूंकडे गेले. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "शाळेतून आली की तुमच्याकडे येऊ दे का?" काकूंनी किल्ली घेतली आणि विचारलं, "बोलू ना तिला? चुकली तर?" मी म्हटलं, बोला. त्या म्हणाल्या, "नंतर भांडायला नाही यायचं." मी म्हटलं, नाही येणार. दोनदा आलेच.

त्याच दिवशी मी चिडलेल्या मनानंच पाड्यावर गेले. यावेळी मुद्दाम टेम्पो आल्यानंतर गेले. माझ्याजवळ तक्ता नव्हता, फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला नव्हता. नळापाशी बायका भांडी घासत होत्या. मी सरळ विचारलं, "दिवसभर पाड्यावर कोण असतं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, म्हातारी माणसं असतात. दुसरी म्हणाली, ज्या दिवशी मुकादम नको म्हणतो त्या दिवशी मी असते. तिसरी बाळंतीण होती, ती अजून दोन महिने असणार होती. आणि मग सगळ्यांनी टोकाच्या घराकडे बोट केलं. तिथली म्हातारी गुडघ्यामुळे कामावर जात नव्हती. ती रोज ओट्यावर बसून असायची. मी तिला येता-जाता कित्येकदा बघितलं होतं, हात जोडले होते, पण कधी बोलले नव्हते.

मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. "आजी, दिवसा धाकट्या पोरांना बघाल का? थोरलीला शाळेत यायचंय."

"किती पोरं?"

"एक. पण आणखी दोन-तीन निघतील."

ती पान लावत होती. शांतपणे लावून झाल्यावर म्हणाली, "एकटीला नाय जमायचं. एक धावणारी बाई लागेल. मी बसून बघेन, ती उठून पकडेल."

बस. एवढंच. बारा वर्षं मी फॉर्म भरले, फेऱ्या काढल्या, चौकात घोषणा दिल्या, आणि पाड्याच्या टोकाला एक बाई बसलेली होती, तिला कुणीच विचारलं नव्हतं. मी तिला म्हणाले, "आजी, आधी का नाही बोललात?" ती म्हणाली, "कुणाला बोलू? तुम्ही शाळेत बोलता, मी इथं बसते."

कुठल्या दिवशी कामावर कोण जाणार नाही ते बायका आदल्या संध्याकाळी नळावरच ठरवायच्या, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी धावणारी. मी घरून जुन्या साड्या आणल्या, त्यांच्या झोळ्या झाल्या. दिवाळीपर्यंत ओट्यावर पाच पोरं होती. सगळं गोड चाललं होतं असं समजू नका. एका पोरानं दुसऱ्याला चावलं, तर त्यांच्या आया आठ दिवस बोलत नव्हत्या आणि दोघींनी मला येऊन निवाडा करायला सांगितलं. एकदा धावणारी बाई आलीच नाही, तेव्हा म्हातारीनं थोरलीला तिसऱ्या तासाला शाळेतून बोलावून घेतलं, आणि मी तणतणत पाड्यावर गेले तर ती म्हणाली, "ओरडून काय होतं, ते पोर धर आधी." मी धरलं. माझा पाचवा आणि सहावा तास त्या दिवशी ओट्यावर झाला.

पण थोरली शाळेत येत होती. दुपारच्या सुट्टीत ती पळत ओट्यावर जायची, धाकटीला भरवायची आणि परत यायची. शाळा सुटली की म्हातारीच्या शेजारी बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण ऐकायला आवडायचं. एखादी गोष्ट पटली नाही तर ती थोरलीला मध्येच थांबवून, "असं कसं झालं? पुन्हा वाच," म्हणायची.

तालुक्याला या ओट्याचा पत्ता लागला तो मुख्याध्यापकांमुळे. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना माझं कौतुकच करायचं होतं. दोन साहेब गाडीतून आले. बॅनर बरोबर आणला होता. ओट्याच्या खांबांना तो बांधायचा, खाली म्हातारी, मांडीवर पोर, असा फोटो हवा होता. बॅनरवर मधोमध माझं नाव होतं. म्हातारी उठून घरात गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर पाच पोरं एकदम रडायला लागली. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, समजवा ना तुमच्या आजींना." मी म्हटलं, त्या माझ्या नाहीत. बॅनर दोन पोरांच्या आणि माझ्या मागे धरून फोटो झाला. मी त्यात फार रागीट दिसते असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं.

पुढच्या वर्षी थोरली आठवीत गेली. त्या वर्षी आमच्याकडे बालविवाहाच्या विरोधात मोहीम निघाली. सगळ्या शाळेनं हात पुढं करून प्रतिज्ञा घेतली. मी माईकवर एकेक ओळ सांगत होते, मुलं मागून म्हणत होती, आणि थोरली पहिल्याच रांगेत होती. नंतर कधीतरी, भात झोडून झाल्यावर, ती तीन दिवस आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "सर्दी होती." मी म्हटलं, बरं. मला खोटं पकडण्याचा एवढा अनुभव, तरी मी म्हटलं, बरं.

महिन्याभरानं दुसरीतल्या एका मुलीनं, पाटीवर चित्र काढता काढता, मला सांगितलं, "बाई, थोरलीचं लग्न मोडलं."

"कुणाचं लग्न?"

"थोरलीचं. तुम्हाला नाय माहीत?"

मला नव्हतं माहीत. पाड्यातल्या दुसरीतल्या पोरीला माहीत होतं, आणि मी, जिच्या कपाटात त्या प्रतिज्ञेचे दोनशे कागद पडले होते, मला नव्हतं माहीत. मी त्या संध्याकाळी गेले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं.

थोरलीच्या आईनं सांगितलं ते असं. बापाच्या ओळखीतून एक स्थळ आलं होतं. सीमेपलीकडचा मुलगा, गुजरातमध्ये कंपनीत कामाला. त्यांना घाई होती. बापालाही वाटलं, पोरगी मोठी दिसायला लागली, आठवीनंतर शाळा इथं नाही, बाहेर पाठवायची तर भीती, त्यापेक्षा हे बरं. पाहुणे आले, बसले, बोलणी झाली. दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा बाप टोकाच्या घरी गेला. कारण ती म्हातारी, जिला मी दीड वर्ष पोरं सांभाळणारी आजी समजत होते, ती पाड्याची धवलेरी होती. म्हणजे लग्नात गाणी म्हणत सगळे विधी करणारी बाई. ती गायल्याशिवाय इथं लग्न लागत नाही. तिला विचारूनच दिवस धरतात.

म्हातारीनं विचारलं, "कुणाचं?"

बापानं सांगितलं.

"मी नाय गाणार," ती म्हणाली.

बापाला वाटलं, मान हवा असेल, साडी हवी असेल. त्यानं विचारलं, काय देऊ? ती म्हणाली, "काय नको. पोरगी लहान आहे. ती मला अजून गोष्टी वाचून दाखवते. मी नाय गाणार."

बाप चिडला. म्हणाला, शेजारच्या गावची आणतो. म्हातारी म्हणाली, आण. मग त्या संध्याकाळी नळावर बायकांनी ठरवलं की शेजारच्या गावची आली तर घर सारवायला, भिंतीवर लग्नाच्या चित्रांचा चौक लिहायला, तांदूळ कांडायला कुणी जायचं नाही. थोरलीची आई हे सांगताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीपण त्यांच्यात होते."

"तुझ्याच घरच्या लग्नाला तूच जाणार नव्हतीस?"

"नळावर उभी होते ना मी. सगळ्या बोलल्या, मीपण बोलले." मग म्हणाली, "घरी मला बोलता नसतं आलं."

पाहुणे दोनदा येऊन गेले आणि मग यायचे बंद झाले.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं? एक फोन केला असता तर..."

"म्हणूनच नाय सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही पोलीस आणले असते. मग तो घरात माझं काय ऐकेल? पोरीकडे बघेल तरी का?"

मी म्हणाले की पोलीस आणणं चूक नसतं, कायदा आहे, पुन्हा असं झालं तर मला सांगायचंच. अजूनही माझं तेच मत आहे. प्रत्येक पाड्यावर अशी म्हातारी नसते. पुढच्याच उन्हाळ्यात पलीकडच्या पाड्यातल्या एका मुलीचं लग्न झालं, ती आमच्याच शाळेतून सातवीत गळालेली होती. तिच्यासाठी कुणी गायला नकार दिला नाही आणि मला कळलं तेव्हा ती सासरी होती. तिच्या घरी मी किती वेळा गेले होते? एकदा, फॉर्मवर सही घ्यायला.

म्हातारीकडे मी गेले तेव्हा ती ओट्यावर होती, दोन पोरं झोळीत, एक तिच्या पाठीवर चढत होतं. मी बसले आणि मनात होतं ते विचारून टाकलं. "आजी, तुम्ही इतकी वर्षं गाताय. थोरलीहून लहान पोरींच्या लग्नातही गायल्या असाल."

"गायले."

"मग तेव्हा का नाही म्हटलंत?"

मला वाटलं, तिला राग येईल. तिनं पाठीवरच्या पोराला पुढं घेतलं. "त्या पोरी मला लग्नाच्या दिवशीच दिसायच्या," ती म्हणाली. "हळद लावलेल्या, डोकं खाली घातलेल्या. सगळ्या सारख्याच दिसतात तेव्हा. ही रोज यायची."

थोरलीनं आठवी पूर्ण केली. नववीसाठी तालुक्याजवळच्या वसतिगृहात जागा मिळवताना मी ज्या खिडक्यांसमोर उभी राहिले त्याबद्दल लिहायला बसले तर माझा रक्तदाब वाढेल. एकदा जातीचा दाखला होता पण रहिवासाचा नव्हता, एकदा दोन्ही होते पण साहेब नव्हते. शेवटी जून संपता संपता जागा मिळाली. बाप पेटी घेऊन सोडायला आला. त्या स्थळाच्या प्रकरणापासून तो माझ्याशी बोलत नव्हता, आणि त्याचं असं मत होतं की म्हातारीला मीच फितवलं. वसतिगृहाच्या फाटकाशी त्यानं पेटी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आता खूश ना, बाई?" मी म्हटलं, तुम्हीही व्हाल. त्यानं मान हलवली नाही. पण तो लगेच गेलाही नाही. फाटकाबाहेरच्या दगडावर बसून राहिला, पेटी कुठल्या खोलीत नेतात ते दिसेपर्यंत.

चौथ्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंच्या फोनवरून थोरलीचा फोन आला. भात कच्चा असतो, झोप येत नाही, घरी यायचंय. मी शिक्षिकेच्या आवाजात, ठणकावून, "राहायचं," असं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर दिवसभर मला चैन पडलं नाही. रविवारी गेले. माझी मुलगी बरोबर आली. ती काकूंकडून शेव आणि भाकरवडी घेऊन आली होती, कारण काकूंनी तिला ठणकावलं होतं की वसतिगृहात रिकाम्या हातानं जायचं नसतं. त्यावरून मी काकूंशी थोडं भांडलेही होते, तेलकट म्हणून. दोघी मुली जिन्यावर बसून खात होत्या आणि वसतिगृहाच्या बाईंची नक्कल करत होत्या. मी ओरडले, पण फार जोर नव्हता.

निघताना मी थोरलीला म्हटलं, भाताचं मी बाईंशी बोलले आहे. आणखी काय हवंय ते सांग. वह्या, साबण, काहीही.

तिनं मान हलवून नको म्हटलं. मग विचारलं, "धाकटी जेवते का?"

मी म्हटलं, जेवते की, चांगली जेवते. खरं म्हणजे आठवडाभर मी पाड्यावर गेलेच नव्हते. शाळेत नव्या वर्षाची पुस्तकं आली होती, याद्या करायच्या होत्या, वेळ झाला नव्हता. तिला ते कळलं का, माहीत नाही. ती म्हणाली, "बरं."

सोमवारी शाळेचं कुलूप उघडायच्या आधी मी स्कूटर तशीच पुढं पाड्याकडे नेली.